घरातले जुने-नवे मॉनिटर एकाच पीसीला जोडायचेत? आधी पोर्ट बघा, अडॅप्टर मग घ्या

माझ्या टेबलावर सध्या तीन मॉनिटर आहेत आणि तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मधला २७ इंची, १४४०पी म्हणजे २५६० बाय १४४० ठिपक्यांचा, गेल्या दिवाळीत घेतलेला. डावीकडे २२ इंची, एका मित्राने ऑफिस हलवताना "घेऊन जा रे, नाहीतर भंगारात जाईल" म्हणून गळ्यात मारलेला, त्याच्या मागे फक्त व्हीजीए आणि डीव्हीआय. आणि उजवीकडे १९ इंची चौकोनी, १२८० बाय १०२४ वाला, माझ्या पहिल्या पीसीबरोबर आलेला, त्याला तर व्हीजीए सोडून काहीच नाही. पीसीत जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड, त्याला तीन सॉकेट, एक डिस्प्लेपोर्ट, एक एचडीएमआय, एक डीव्हीआय. हे सगळं जुळवताना माझे दोन अडॅप्टर फुकट गेले, एक पिन वाकली आणि अख्खा रविवार गेला. तुमचा रविवार वाचला तर बरं, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय. लांब झालंय, पण अडॅप्टर मागवायच्या आधी निदान दिशेबद्दलचा आणि वाटणीचा भाग तरी वाचा, पैसे तिथेच जातात.

आधी पीसीच्या मागे जा

मोबाईलचा टॉर्च लावा, कॅबिनेट भिंतीपासून ओढा आणि मागच्या सगळ्या सॉकेटचे फोटो काढा. मग मॉनिटर पालथा करून त्याचेही काढा. बऱ्याच मॉनिटरची सॉकेट खालच्या बाजूला तोंड करून असतात, नुसतं वाकून दिसत नाहीत, त्यामुळे गादीवर किंवा घडी केलेल्या चादरीवर स्क्रीन खाली करून ठेवा, बोटं पॅनेलवर दाबू नका. हे फोटो पुढे दुकानात दाखवायला कामाला येतात, तिथे "निळा असतो ना तो" असं सांगत बसावं लागत नाही.

पीसीच्या मागे डिस्प्लेची सॉकेट दोन जागी असू शकतात. एक म्हणजे यूएसबी आणि नेटच्या सॉकेटच्या शेजारी, ती मदरबोर्डची. दुसरी त्याच्या खाली आडव्या पट्टीवर, ती ग्राफिक्स कार्डची. कार्ड असेल तर मॉनिटर कार्डलाच लावायचा. हे ऐकायला अगदी बाळबोध वाटतं पण "नवीन कार्ड टाकलं आणि स्क्रीन काळी" अशा तक्रारीत निम्म्या वेळा केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावलेली असते, मी स्वतः दोन नातेवाईकांकडे जाऊन फक्त केबल एक वीत खाली सरकवून चहा पिऊन आलोय.

कार्ड नसेल तर प्रोसेसरचं नाव बघा. इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल, म्हणजे आय५-१२४००एफ वगैरे, तर त्याच्यात ग्राफिक्स नाहीच, मदरबोर्डवर एचडीएमआय असलं तरी ते शोभेचं. एएमडीच्या रायझनमधे ५६००जी मधे ग्राफिक्स आहे आणि नुसत्या ५६०० मधे नाही, एका अक्षराचा फरक. अशा वेळी जगातला कुठलाही अडॅप्टर लावा, चित्र येणार नाही.

कुठलं सॉकेट कुठलं

व्हीजीए ओळखायला सोपं, बहुतेक वेळा निळं, तीन ओळीत पंधरा भोकं आणि दोन बाजूला स्क्रू. आयबीएमने १९८७ मधे आणलेलं आणि अजून मरायला तयार नाही, शाळा, बँका, सरकारी ऑफिसं सगळीकडे दिसतं. महत्त्वाचं काय तर हे अॅनालॉग आहे, म्हणजे चित्र कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजच्या रूपात जातं, डिजिटलसारखं आकड्यांत नाही.

डीव्हीआय बहुतेक वेळा पांढरं, रुंद, हे १९९९ चं, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, त्यामुळे नीट बघा. सॉकेटच्या एका बाजूला एक आडवी चपटी फट असते. त्या फटीच्या वर दोन आणि खाली दोन अशी चार भोकं असली तर ते डीव्हीआय-आय, म्हणजे त्यातून डिजिटल आणि अॅनालॉग दोन्ही निघतं. फट आहे पण भोवती चार भोकं नाहीत, तर डीव्हीआय-डी, फक्त डिजिटल. एनव्हिडिया आणि एएमडी या ग्राफिक्सच्या दोन मोठ्या कंपन्या. एनव्हिडियाच्या १०-सिरीजपासून, म्हणजे २०१६ पासून, कार्डावर डीव्हीआय असलं तरी ते डी प्रकारचंच, आणि एएमडीने तर २०१३ च्या आर९ २९० पासूनच तिकडचं अॅनालॉग काढायला सुरुवात केली होती.

एचडीएमआय सगळ्यांना माहीत आहे, टीव्हीला असतं तेच, खालचे दोन्ही कोपरे तिरपे. डिस्प्लेपोर्ट त्याच्यासारखंच दिसतं पण त्याचा एकच कोपरा कापलेला असतो. केबलच्या टोकाला बऱ्याचदा छोटं लॉक असतं, वरचं बटण दाबल्याशिवाय ओढू नका, सॉकेट हातात येईल. सॉकेटपाशी डी आणि पी जोडून काढलेली खूण असते आणि तिच्या शेजारी दोन अधिक चिन्हं दिसली तर आनंद माना, त्याचं कारण पुढे येतंय.

अडॅप्टरला दिशा असते

टू-पिनचा थ्री-पिन करणारा कन्व्हर्जन प्लग आपण घरात सर्रास वापरतो, त्यामुळे डोक्यात असं बसलंय की अडॅप्टर म्हणजे फक्त आकार बदलणारी गोष्ट. डिस्प्लेच्या बाबतीत काही जोड्या खरंच तशा आहेत, आत नुसत्या तारा. पण बाकीच्या जोड्यांमधे एका टोकाला एक भाषा आणि दुसऱ्या टोकाला वेगळीच, त्यामुळे मधे चिप लागते, चिपला वीज लागते, आणि ती चिप एकाच बाजूला काम करते.

म्हणून शोधताना नाव नेहमी पीसीकडून मॉनिटरकडे वाचायचं. पीसीला एचडीएमआय आणि मॉनिटरला व्हीजीए असेल तर "एचडीएमआय टू व्हीजीए". उलटं, म्हणजे "व्हीजीए टू एचडीएमआय", हा वेगळाच डबा आहे, जुन्या पीसीला नवा टीव्ही लावायला. माझा पहिला फुकट गेलेला अडॅप्टर हाच. फोटोत दोन्ही टोकं बरोबर दिसली, ऑर्डर केला, लावला, काहीच नाही, एक तास मॉनिटरला शिव्या घातल्या आणि मग खोक्यावरचा बाण दिसला.

आता जोडीजोडीने बघू, पहिलं नाव पीसीचं.

एचडीएमआय ते डीव्हीआय ही सगळ्यात निवांत जोडी. दोन्हीकडे सिग्नल मुळात सारखाच, त्यामुळे साधी केबल किंवा शंभर-दोनशे रुपयांचा ठोकळा चालतो आणि उलट दिशेनेही चालतो. १९२० बाय १२०० पर्यंत ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायला, काही अडचण नाही. एकच गोष्ट, डीव्हीआय मॉनिटरला स्पीकर असले तरी या वाटेने आवाज येईलच असं धरू नका. आणि तुमच्याकडे २५६० बाय १४४० किंवा १६०० वाला जुना डीव्हीआय मॉनिटर असेल तर त्याला ड्युअल लिंक, म्हणजे जास्त पिना वापरणारं दुप्पट क्षमतेचं डीव्हीआय लागतं, ते या साध्या ठोकळ्यातून मिळत नाही.

एचडीएमआय ते व्हीजीए मधे चिप असते, कारण डिजिटलचं अॅनालॉग करायचंय. ही चिप एचडीएमआयच्याच पाच व्होल्टवर चालते. नियमाप्रमाणे सॉकेटने तिथे किमान ५५ मिलिअँप द्यायचे असतात, ते फारच कमी, त्यामुळे काही पीसीवर अडॅप्टर चालतो आणि काहींवर चित्र येतं-जातं. म्हणून विकत घेताना बाजूला छोटं यूएसबी पॉवरचं सॉकेट असलेला बघून घ्या, पन्नास रुपये जास्त गेले तरी चालतील, नेहमी लागत नाही पण लागलं की हाताशी असतं. हेडफोनचं भोक असलेला मिळाला तर अजून चांगलं, व्हीजीएमधून आवाज जात नाही, तो तिथून काढता येतो. अडॅप्टर वापरताना कोमट लागतो, घाबरू नका. हात ठेववत नाही इतका तापला तर मात्र बदला.

डीव्हीआय ते व्हीजीए. हा माझा दुसरा बळी. लहान पांढरा ठोकळा, एका बाजूला डीव्हीआय, दुसऱ्या बाजूला निळं व्हीजीए, जुन्या कार्डांच्या खोक्यात फुकट यायचा तोच. मी दुकानात गेलो, "डीव्हीआय टू व्हीजीए द्या" म्हटलं, त्यांनी बरणीतून काढून दिला, ऐंशी रुपये. घरी आलो तर कार्डात जाईना. जरा तिरका करून दाबला, जाईना. टॉर्च मारून बघितलं तेव्हा कळलं की ठोकळ्याला चपट्या पात्याभोवती चार पिना आहेत आणि कार्डाच्या सॉकेटला तिथे भोकंच नाहीत, म्हणजे डीव्हीआय-डी. त्या चार पिना म्हणजेच अॅनालॉग लाल, हिरवा, निळा आणि सिंक, म्हणजे चित्राच्या ओळी जुळवणारा सिग्नल. युट्यूबवर कोणीतरी त्या पिना पक्कडीने कापून ठोकळा आत बसवताना दाखवतो, कृपा करून करू नका, बसेल जरूर, पण ज्या पिनांमधून चित्र येणार होतं त्याच कापल्यात. डीव्हीआय-डी ते व्हीजीए साठी चिपवाला वेगळा अडॅप्टर मिळतो, बऱ्याचदा यूएसबी शेपटी असलेला, पण पीसीवर एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट मोकळं असेल तर त्याच्यामागे लागू नका.

डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय किंवा डीव्हीआय. सॉकेटपाशी ती दोन अधिक चिन्हं असली तर पोर्ट स्वतःच एचडीएमआयची भाषा बोलायला लागतो आणि साधा स्वस्त अडॅप्टर चालतो. आजकालच्या बहुतेक कार्डांना हे जमतं, खूण नसली तरी. जुन्या प्रकारचे साधे अडॅप्टर १९२० बाय १२०० ला थांबतात, नंतरचे ४के पर्यंत जातात पण ३० हर्ट्झला, माऊस चिखलातून चालल्यासारखा वाटतो. ४के टीव्हीवर ६० हर्ट्झ पाहिजे असेल तर "अॅक्टिव्ह" (म्हणजे चिपवाला) आणि "४के ६० हर्ट्झ" असं दोन्ही लिहिलेलाच घ्या. आणि ज्या केबलला एका टोकाला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय असतं ती एकतर्फीच असते, पीसीकडे डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरकडे एचडीएमआय, फिरवून लावून चालत नाही.

डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए पण चिपवालाच, पण पोर्ट त्याला पुरेशी वीज देतो त्यामुळे सहसा कटकट नसते. व्हीजीए मॉनिटरसाठी एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट दोन्ही मोकळे असतील तर मी डिस्प्लेपोर्टवाला घेईन.

एचडीएमआय ते डिस्प्लेपोर्ट, म्हणजे पीसीला एचडीएमआय आणि मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट, ही अवघड जोडी. यूएसबी शेपटी असलेला, चिपवाला, हजाराच्या वर जाणारा कन्व्हर्टर लागतो आणि त्यातही हाय रिफ्रेश रेट, म्हणजे ६० पेक्षा जास्त हर्ट्झ, मिळेल याची आशा धरू नका. त्यापेक्षा मॉनिटरला दुसरं सॉकेट आहे का ते परत एकदा बघा.

व्हीजीए ते एचडीएमआय, जुना पीसी आणि नवा टीव्ही. यूएसबी पॉवर लागते, आवाजासाठी हिरव्या जॅकची वायर वेगळी लावायची. चालतं, चित्र जरा धूसर येतं, कीर्तनाचे व्हिडिओ बघायला पुरतं.

यूएसबी-सी. लॅपटॉपवर चालतो म्हणून लोक डेस्कटॉपच्या यूएसबी-सी मधे एचडीएमआयचा डॉंगल घालतात. डेस्कटॉप मदरबोर्डवरचं सी पोर्ट बहुतेक वेळा फक्त डेटासाठी असतं. बोर्डाच्या मॅन्युअलमधे त्या पोर्टसमोर डीपी ऑल्ट मोड (सी पोर्टमधून डिस्प्लेपोर्टचं चित्र काढायची सोय) किंवा डिस्प्लेपोर्टचा उल्लेख असेल तरच पैसे घाला.

सगळी सॉकेट भरली तर साध्या यूएसबीतून एचडीएमआय काढणारे अडॅप्टर मिळतात, डिस्प्लेलिंक नावाच्या चिपचे चांगले. त्यांना ड्रायव्हर टाकावा लागतो आणि काम पीसीच्या प्रोसेसरवर पडतं. मेल, एक्सेल, टॅलीला उत्तम. गेमला नाही.

आणि हो, एचडीएमआय स्प्लिटर हा अडॅप्टर नाही. त्यातून दोन मॉनिटर लागतात पण दोन्हीवर तेच चित्र येतं. लग्नाच्या हॉलमधे दोन टीव्हीवर एकच शूटिंग दाखवायला ठीक. एका पोर्टवरून दोन वेगवेगळ्या स्क्रीन करायला त्याचा उपयोग नाही.

कुणाला कुठलं सॉकेट द्यायचं

हा भाग मी सगळ्यात शेवटी शिकलो आणि हा आधी केला असता तर दोन्ही अडॅप्टरचे पैसे वाचले असते. कागद घ्या, डावीकडे पीसीची सॉकेट लिहा, उजवीकडे मॉनिटर लिहा आणि प्रत्येकाला काय काय चालतं ते. मग सगळ्यात चांगल्या मॉनिटरला सगळ्यात चांगलं सॉकेट, मधे अडॅप्टर न घालता. मग ज्यांची केबल सरळ जुळते ते. जो उरेल त्याला उरलेल्या सॉकेटवरून अडॅप्टर.

माझं आधीचं डोकं असं चाललं होतं की नवा मॉनिटर एचडीएमआयला, कारण खोक्यात एचडीएमआय केबल होती, आणि दोन जुने दोन अडॅप्टर लावून बाकीच्या दोन सॉकेटना. कागदावर लिहिल्यावर दिसलं की २७ इंचीला डिस्प्लेपोर्ट आहेच, सरळ केबल. २२ इंचीला डीव्हीआय आहे, कार्डालाही डीव्हीआय आहे, सरळ केबल, ती तर माळ्यावरच्या पिशवीत पडलेली. उरला १९ इंची व्हीजीए आणि उरलं एचडीएमआय, तिथे एक चिपवाला अडॅप्टर. तीन मॉनिटर आणि अडॅप्टर लागला एकच.

कार्ड एका वेळी किती स्क्रीन चालवतं तेही कंपनीच्या पानावर बघून घ्या, सॉकेट जितकी तितक्या स्क्रीन असं नेहमी नसतं. एनव्हिडियाची ५००-सिरीज आणि त्याआधीची साधी कार्डं दोनवरच थांबतात. एएमडीच्या एचडी ५००० ते ७००० च्या काळातल्या कार्डांचा वेगळाच नखरा, एचडीएमआय, डीव्हीआय, व्हीजीए मिळून दोनच, तिसरी स्क्रीन डिस्प्लेपोर्टवरूनच आणि तिथे अडॅप्टर लावायचा तर अॅक्टिव्हच, साधा लावला की दोघांपैकी एक बंद करा म्हणून सांगतं. इंटेलच्या बऱ्याच बोर्डांवर कार्डासोबत मदरबोर्डचं सॉकेटही वापरता येतं, बायोसमधे, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमधे, आयजीपीयू मल्टी-मॉनिटर नावाचा पर्याय चालू करावा लागतो, चौथी स्क्रीन पाहिजे असणाऱ्यांनी तिथे डोकवा.

खरेदी करताना मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, नाहीतर ऑनलाइन, कुठूनही घ्या, पण बदलून मिळेल का ते आधी विचारा. चिपवाल्या स्वस्त अडॅप्टरमधे डावं-उजवं निघतंच.

प्रत्यक्ष जोडणी

पीसी शटडाउन करा आणि मागचं बटण किंवा बोर्डावरचं बटण बंद करा. लोक म्हणतात एचडीएमआय चालू असताना काढलं-घातलं तरी चालतं, चालतं खरं, पण आपल्याकडच्या घरातल्या अर्थिंगचा भरवसा नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात लावला की मुंग्या आल्यासारखं होत असेल तर अर्थिंग मिळत नाहीये, अशा वेळी चालू मशिनमधे केबल घालताना सॉकेट जळू शकतं. इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग बघून घ्या, आणि पीसी आणि सगळे मॉनिटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, एक हॉलच्या सॉकेटवर आणि दुसरा बेडरूमच्या, असं नको. मधे टू-पिनचा कन्व्हर्जन प्लग घालून तिसरी पिन हवेत सोडली असेल तर तोही आधी काढा.

आधी फक्त मुख्य मॉनिटर लावा, पीसी चालू करा, विंडोज येतंय बघा. मग बंद करून दुसरा, मग तिसरा. तिन्ही एकदम लावले आणि काही आलं नाही तर कुणामुळे ते कळत नाही.

व्हीजीए आणि डीव्हीआयचे स्क्रू हाताने फिरवून घट्ट करा, पक्कड नको. ठोकळ्यासारखा अडॅप्टर असेल आणि त्याला जाड व्हीजीए केबल लटकत असेल तर तो भार सगळा एचडीएमआयच्या सॉकेटवर येतो, एचडीएमआयला स्क्रू नसतो, हळूहळू ढिलं होतं. म्हणून मी छोटी वायर असलेला अडॅप्टर घेतो आणि व्हीजीए केबल टेबलाच्या पायाला केबल टायने बांधतो.

पहिल्यांदा चालू केल्यावर कंपनीचा लोगो भलत्याच मॉनिटरवर आला तर दचकू नका, विंडोज सुरू झाल्यावर ठीक होतं.

विंडोजमधे

विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा, एक्सटेंड निवडा. मग डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्ज. तिथे १, २, ३ असे चौकोन दिसतील, आयडेंटिफाय दाबलं की प्रत्येक स्क्रीनवर त्याचा नंबर येतो. चौकोन ओढून टेबलावर मॉनिटर जसे ठेवलेत तसेच लावा, नाहीतर माऊस डावीकडे नेला की उजवीकडून बाहेर येतो आणि माणूस वेडा होतो. चौकोनांच्या वरच्या कडा पण जुळवून बघा, वेगवेगळ्या साइजचे मॉनिटर असले की माऊस कडेला अडकतो तो याच्यामुळे. मुख्य स्क्रीनवर क्लिक करून ती मेन डिस्प्ले करा.

प्रत्येकाचं रिझोल्यूशन रेकमेंडेड लिहिलेलं तेच ठेवा, अक्षरं लहान वाटली तर रिझोल्यूशन कमी न करता स्केल वाढवा. अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमधे जाऊन रिफ्रेश रेट जरूर बघा, १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर वापरणारे लोक मला माहीत आहेत, त्यातला एक मी.

व्हीजीएवाल्या मॉनिटरला एक जादा काम. चित्र जरा सरकलेलं किंवा अक्षरांना सावली दिसली तर मॉनिटरचं ऑटो बटण दाबायचं, पण ते काळ्या वॉलपेपरवर दाबू नका, मॉनिटर चित्राच्या कडा शोधत असतो आणि काळ्यात त्याला कडा सापडत नाही. वर्डचं किंवा नोटपॅडचं पांढरं पान पूर्ण स्क्रीनवर पसरा, त्यात भरपूर मजकूर टाका आणि मग ऑटो. फरक लगेच दिसतो.

चाललं नाही तर

"नो सिग्नल" आलं तर आधी मॉनिटरच्या मेनूत जाऊन इनपुट बरोबर निवडलंय का बघा, जुने मॉनिटर आपणहून इनपुट बदलत नाहीत. मग केबल दोन्हीकडून काढून परत लावा, मॉनिटरची वीज एक मिनिट काढून ठेवा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबलं की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, स्क्रीन एकदा मिचकते, कधीकधी तेवढ्यावर भागतं. तरी नाही तर तोच मॉनिटर अडॅप्टरशिवाय दुसऱ्या कुठल्या मशिनला लावून बघा म्हणजे गुन्हेगार कोण ते कळतं.

डिस्प्लेपोर्ट केबल लावली की पीसीच नीट सुरू होत नाही किंवा बंद केल्यावरही कार्डाचा दिवा मंद पेटलेला राहतो असं झालं तर केबलवर संशय घ्या. २० नंबरची पिन वीज देणारी असते, साध्या केबलमधे ती दोन टोकांत जोडायची नसते, स्वस्त केबलवाले जोडतात आणि मॉनिटरची वीज उलटी कार्डात येते.

फक्त १०२४ बाय ७६८ मिळतंय आणि पुढे काही दिसत नाही, याचा अर्थ मॉनिटर आपली माहिती पीसीला सांगतो ती मधे कुठेतरी अडकलीये. व्हीजीएमधे ही माहिती १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून जाते. त्या वाकल्या असतील किंवा केबल फालतू असेल तर असं होतं, केबल बदला. पिना मोजताना एक कमी भरली तर लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, बऱ्याच व्हीजीए केबलमधे मधल्या ओळीतली ९ नंबरची पिन कारखान्यातूनच नसते, तिच्यावाचून अडत नाही.

रंग बिघडले तरी पिनाच बघा. १, २, ३ म्हणजे लाल, हिरवा, निळा. लाल गेला तर स्क्रीन हिरवट-निळसर, हिरवा गेला तर गुलाबी-जांभळट, निळा गेला तर पिवळी. माझा १९ इंची त्या रविवारी संध्याकाळी असा पिवळा पडला की जणू हळद लावलीये, आई म्हणाली आता टाक रे तो. केबल काढून बघितलं, वरच्या ओळीतली तिसरी पिन आडवी झोपलेली, मीच घाईत तिरकी घातली होती. रिकाम्या बॉलपेनची रिफिल काढली, पेनाच्या पुढच्या टोकाचं भोक त्या पिनेवर बसवलं आणि अगदी सावकाश उभी केली. एकदाच करा, दोन-तीनदा मागेपुढे केली की तुटते.

चित्र मधेच एक सेकंद काळं होऊन परत येत असेल तर केबलची लांबी, अडॅप्टरची वीज आणि ढिलं सॉकेट या क्रमाने बघा. ४के ६० साठी साधी एचडीएमआय केबल पाच मीटरच्या आत ठेवा, डिस्प्लेपोर्ट दोन मीटरच्या आसपास बरी. एक केबल, मग एक्स्टेन्शन, मग अडॅप्टर, मग अजून एक अडॅप्टर अशी आगगाडी करू नका. शक्य तिथे अडॅप्टर आणि वेगळी केबल घेण्यापेक्षा दोन्ही टोकं पाहिजे तशी असलेली एकच केबल चांगली.

टीव्ही लावला आणि टास्कबार अर्धा कापला गेला तर टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमधे जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट किंवा फुल पिक्सेल असं काहीतरी असतं, ते चालू करा. आवाज अचानक गेला तर तो टीव्हीकडे किंवा अडॅप्टरकडे गेलेला असतो, टास्कबारवरच्या स्पीकरवर क्लिक करून परत आपले स्पीकर निवडा. आणि व्हीजीए अडॅप्टर लावल्यावर एखाद्या ओटीटीवर चित्र काळं आणि आवाज मात्र येतोय असं झालं तर अडॅप्टर बिघडलेला नाही, कॉपी-संरक्षण असलेला व्हिडिओ अॅनालॉग वाटेने जाऊ देत नाहीत. पिक्चर डिजिटल मॉनिटरवर बघा.

खिडकी कधी बंद मॉनिटरवर अडकून बसते आणि दिसतच नाही, तेव्हा ती टास्कबारवर निवडून विंडोज, शिफ्ट आणि डावा-उजवा बाण दाबा, उडी मारून शेजारच्या स्क्रीनवर येते.

माझा तो चौकोनी १९ इंची आता उभा केलाय, त्याचा स्टँड फिरतो, डिस्प्ले सेटिंग्जमधे ओरिएंटेशन पोर्ट्रेट केलं की झालं, १०२४ बाय १२८०. पीडीएफचं अख्खं पान एका वेळी दिसतं. आईने सातबाऱ्याचा उतारा त्याच्यावर वाचला आणि आता तो टाकायचं नाव काढत नाही.